लिंबाचे ओघळ

आमच्या घरी आरसा एकच होता. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, दाढीसाठी तो पडवीतल्या खांबाला टांगलेला असायचा, आणि दादा उंच. मला त्यात बघायचं तर टाचा उचलाव्या लागायच्या, तरी कपाळ आणि डोळे एवढंच दिसायचं. त्यामुळे माझ्या गालांवर काय उठलंय ते मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. आधी आईला दिसलं असणार, पण ती बोलली नाही. बोलली ती भामाकाकू.

तो उन्हाळा माझ्या लग्नाचा होता. फाल्गुनात साखरपुडा झाला होता, लग्न जेठात धरलं होतं. मुलगा सुप्याला कंपनीत होता, गावही सुप्याच्या जवळचंच. आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला, घराला लागून लिंबाची बाग. पहाटे पिकलेली लिंबं पाचोळ्यावर पडायची त्याचा टप् टप् आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. उजाडायच्या आत टोपली घेऊन आम्ही ती वेचायचो, मग दिवसभर आकडीने वरची काढायची. हातांना, ओढणीला, भाकरीलासुद्धा लिंबाचा वास. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून माझं हेच काम होतं आणि मला ते आवडायचं, कारण झाडाशी बोलावं लागत नाही. माणसांसमोर मला बोलायला व्हायचंच नाही. शब्द गळ्यापर्यंत यायचे आणि तिथेच बसायचे. आज मी चार बायकांत बसते, बोलते, पण कुणी अचानक काही विचारलं तर अजूनही तसंच होतं. म्हणून तर हे वहीत लिहितेय.

त्या दिवशी अंगणात कुरडया चालल्या होत्या. लग्नाच्या रुखवताच्या, म्हणून शेजारच्या पाच-सहा जणी आल्या होत्या. चुलीवर गव्हाचा चीक रटरटत होता, आई सोऱ्या दाबत होती, मी कापडावर कुरडया सारख्या करत होते. भामाकाकू आमची चुलत चुलती, भिंतीला भिंत लागून घर. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"सुमन, हिकडं बघ गं. वांग हायेत का काय ह्ये?"

मी हातातली कुरडई कापडावर ठेवली.

"मला थोरल्याच्या टायमाला आस्सेच आले हुते," ती बाकीच्या बायकांना म्हणाली. "तिसरा म्हयना लागला आन दोन्ही गाल काळे. ह्यांची आई म्हनायची, चुलीत तोंड घातलंस का काय."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "भामाबाई, तुमचं आपलं कायबी. पोरीचं लगीन व्हायचंय अजून." त्यावर भामाकाकू म्हणाली, "व्हय बाई, तेच म्हनते मी," आणि परत सगळ्या हसल्या. मी पण हसले, कारण मला त्यातलं कळलंच नव्हतं. आईच्या हातातला सोऱ्या मात्र थांबला होता आणि चिकाची एक तार लोंबकळत राहिली होती.

बायका गेल्यावर आईने मला आत कणगीजवळ बोलावलं. दार लोटलं.

"खरं सांग. तुझी पाळी कवा झाली?"

मी सांगितलं. अमावास्येच्या दोन दिवस आधी. तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. मग परत मोजलं. "बरं," म्हणाली आणि गहू पाखडायला बसली. माझं उत्तर खरं होतं, तरी तिने दोनदा मोजलं. तेव्हा कुठे मला बायका कशाला हसल्या ते कळलं, आणि मनात भीती बसली.

भामाकाकूच्या मनात वाईट नव्हतं असं मला आज वाटतं. तिला बोलायची सवय होती, इतकंच. पण तिची सख्खी बहीण माझ्या होणाऱ्या सासरच्याच गावात दिली होती, आणि दर आठवड्याला कोण ना कोण तिकडे जायचं-यायचं. आई रात्रंदिवस एकच म्हणायची, "तिकडं गेलं आसंल गं. बोलनं गेलं आसंल." दादांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं?

लिंबाच्या बागेत राहणाऱ्याला कशावरही लिंबूच सुचतं. पोट दुखलं लिंबू, कोंडा झाला लिंबू, तांब्याचा हंडा काळा पडला लिंबू. हंडा असा लखलखतो की त्यात तोंड दिसावं. आई म्हणाली, "हंडा निघतो तर त्वांड का न्हाई निघायचं?" रोज सकाळी ती अर्धं लिंबू बेसनात बुडवून माझ्या गालांवर घासायची. आग व्हायची, मी डोळे मिटून घ्यायचे. मग तोंड धुऊन, ओढणी बांधून मी बागेत. घाम आला की लिंबाच्याच हातांनी पुसायचे. आठ दिवसांत डाग उजळायचे सोडून गडद झाले. ओठाच्या वर तर मिशी फुटल्यासारखी पट्टी आली. आई म्हणाली, कमी पडतंय, आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ध्याच्या जागी आख्खं लिंबू आलं.

त्यातच लोणचं आलं. लग्नाच्या पंगतीला घरचं लोणचं पाहिजे म्हणून दोन टोपल्या लिंबं मी एकटीने कापली, भर दुपारी अंगणात, सुरीने, कारण विळीवर माझी बोटं कापतात. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा आणि वाळायचा. हात चिकट व्हायचा, परत ओला व्हायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या जागी लाल होऊन बारीक फोड आले. फोड बसले आणि तपकिरी रेघा राहिल्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे.

मग निरोप आला. बस्ता नगरला कापडबाजारात बांधायचा, आणि मुलीला बरोबर आणा. आमच्याकडे लग्नाचं कापड घ्यायला दोन्हीकडची मोठी माणसं जायची, नवरी घरीच असायची. आईने निरोप आणणाऱ्याला तीनदा विचारलं, "पोरीला कशापायी?" तो म्हणाला, "सासूबाईंना साड्या तिच्या अंगावर टाकून बघायच्यात म्हने." आई माजघरात येऊन भिंतीला टेकून बसली. "झालं," म्हणाली. "आता बघायला बोलावलंय. मोडनार ह्ये."

पत्रिका द्यायचं निमित्त करून आई मला घेऊन केडगावला आत्याकडे गेली. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, शाळेत शिपाईण होती, आवाज असा की मधली सुट्टी झाल्याचं घंटेआधी तिच्यामुळे कळायचं. आईने रडत रडत सगळं सांगितलं. आत्याने माझं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं आणि म्हणाली, "वयनी, तुमी काय पोरीचं लोनचं घातलं व्हय?" त्या सगळ्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने आम्हाला नगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरसवदा बाई होत्या, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी काचेतून माझे गाल पाहिले, आईचेही पाहिले. "तुम्हाला पण आहेत की थोडे," म्हणाल्या. "काहींच्या कातडीलाच सवय असते वांग यायची. लग्न झालेलं असो नसो, बाई असो पुरुष असो. ऊन लागलं की वाढतात." आईने मान खाली घातली. लग्न झालेलं असो नसो, हे त्या सहज म्हणाल्या, त्यांना काय माहीत आम्ही कशासाठी आलोय. मला ते वाक्य कागदावर लिहून मागावंसं वाटलं.

मग नाडी बघावी तसा त्यांनी माझा डावा हात धरला आणि त्यांची नजर थांबली. "हे काय?"

"लोनचं घातलं," आई म्हणाली.

बाईंनी पेनाचं बंद टोक मनगटावर ठेवलं आणि तपकिरी रेघेवरून हळूहळू कोपरापर्यंत नेलं. "बघ, हा ओघळ आहे. रस जिथून जिथून गेला तिथे तिथे डाग. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजते, आणि मग काळी पडते. तोंडाला काय लावता?"

आईने सगळं सांगितलं, बेसनासकट. बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजपासून लिंबू तोंडाला नाही. गोरं करायची क्रीमही कुणी दिली तरी घ्यायची नाही, त्याने पहिले चार दिवस बरं वाटतं आणि मग जास्त वाटोळं होतं. तुला पाहिजे ते ऊन अडवणारं मलम." चिठ्ठीवर लिहिता लिहिता त्या माझ्याकडे बघून सांगत होत्या. ट्यूबवर आकडा असतो, तो तीस किंवा वर पाहिजे. वासाची घ्यायची नाही, वासानेही अशी कातडी चिडते. वांगाला नुसत्या पांढऱ्यापेक्षा थोडी मातीच्या रंगाची बरी, डागावर जास्त उपयोग होतो आणि तोंडावर दिसतही नाही. दोन बोटांवर मावेल एवढी घ्यायची, घराबाहेर पडायच्या आधी लावायची, घाम आला की दोन-तीन तासांनी परत. वरून ओढणी आहेच. "आणि महिन्याभरात जातील असं समजू नकोस. हळूहळू फिके होतील. पण नवीन येऊ द्यायचे नाहीत." मी सगळं ऐकलं, आणि मला ते पाठ झालं. शाळेतल्या कविता अशाच पाठ व्हायच्या.

औषधाच्या दुकानात मात्र सगळं बिघडलं. चिठ्ठीतली ट्यूब नव्हती. दुकानदाराने तीन दुसऱ्या काढून काचेवर ठेवल्या. नावं इंग्रजीत, पण आकडे मला वाचता येत होते. एकीवर पंधरा. तिच्यावर कापलेल्या लिंबाचं चित्र होतं, पिवळंधमक. आत्याने टोपण काढून वास घेतला. "आगं ही घे की, घरचाच वास हाय!" मी ती बोटाने मागे सारली. "मग ही?" दुसरी आकड्याने चांगली, पण दुधासारखी पांढरी. तिसरी रंगाची दिसत होती, तिच्या कडेला मातकट थेंब सुकला होता. ती पाहिजे असं मला म्हणायचं होतं. आई बघत होती, दुकानदार बघत होता, मागे दोन माणसं उभी होती. शब्द गळ्यात येऊन बसला. आत्या म्हणाली, "पांढरी घे. पांढरी ती गोरी करनार," आणि पांढरी पिशवीत गेली. एक शब्द बोलले असते तर पुढचं टळलं असतं, असं मी तेव्हा रोज स्वतःला म्हणायचे.

बस्त्याच्या दिवशी मी पहाटेच आवरून बसले होते. घरून निघताना मी ट्यूब लावली. एसटीत घाम आला म्हणून परत लावली. कापडबाजारात उतरल्यावर आईने अजून एक थर दिला, डाग झाकावेत म्हणून. दुकानात शिरलो तर समोर भिंतभर आरसा. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि तोंड बघून मलाच धस्स झालं. राख फासल्यासारखं दिसत होतं. मान सावळी, तोंड करडं, आणि त्याच्याखालून डाग तसेच जांभळट दिसत होते.

पांढऱ्या गादीवर त्यांच्याकडची पाच-सहा माणसं बसली होती. सासूबाई मधोमध. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर मोठं कुंकू. साखरपुड्याला त्या फार बोलल्या नव्हत्या, आजही बोलल्या नाहीत. मला जवळ बसवलं आणि एक-एक साडी माझ्या खांद्यावर टाकायला लागल्या. साडी टाकायची म्हटल्यावर सगळ्यांनी तोंडाकडेच बघायचं. त्यांची एक जाऊ दुसरीच्या कानाला लागली. मी गादीवरचा एक दोरा ओढत बसले. आईचं पाणी तीनदा पिऊन झालं.

जांभळ्या साडीला सासूबाई थांबल्या. "दिव्याखाली रंग कळत न्हाई," म्हणाल्या. "उजेडात बघू." साडी उजेडात बघून घ्यायची पद्धत आहेच, दुकानदारही कुणाला अडवत नाही. पण त्या साडी हातात घेऊन मलाच मनगटाला धरून उठवायला लागल्या. आई अर्धवट उठली.

"तुमी बसा विहीनबाई," त्या म्हणाल्या. "आमी आलोच."

दुकानाच्या ओट्यावर कडक ऊन होतं. हातगाड्यावाले ओरडत होते, कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. सासूबाईंनी साडीकडे पाहिलंच नाही. पदराचं टोक घेतलं आणि माझा गाल पुसला. एकदा, दोनदा. पदर पांढरा झाला आणि गाल उघडा पडला.

"ह्ये झाकायला फासलंय व्हय?"

मी मान हलवली.

"माझ्या कानावर आलंय कायबाय," त्या हळू म्हणाल्या. "मी कुनाला बोलले न्हाई. तुझ्या सासऱ्यालाबी न्हाई. तुला काय सांगायचं आसंल तर आत्ता सांग. आत गेल्यावर मला काय करता यायचं न्हाई."

मी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. आत आई बसली होती, दादा बसले होते, दादांना तर काहीच माहीत नव्हतं. मी बांगड्या वर सारल्या आणि डावा हात त्यांच्यासमोर उन्हात धरला. मग बोलले. "लिंबानं झालंय. लोणच्याची लिंबं कापली उन्हात. ह्यो वघळ हाय. रस जिथनं गेला तिथं डाग पडला. तोंडालाबी आई लिंबूच घासत होती. डॉक्टरीणबाई म्हनल्या, लगीन झालेलं असू नायतर नसू, वांग येत्यात." एवढं सलग मी कुणापुढे बोलले नव्हते.

त्यांनी माझा हात उलटा केला, सुलटा केला. "किती कापली?"

"दोन टोपल्या."

"उजव्या हातावर तर न्हाईत एवढे."

"उजव्या हातात सुरी हुती."

त्या बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला, पण उन्हामुळे डोळे उघडेनात. मग त्या म्हणाल्या, "ह्ये पांढरं कुनी दिलं? भूत दिसतीयास."

"मातीच्या रंगाची पायजे हुती," मी म्हणाले. "मला दुकानात सांगता आलं न्हाई."

समोरच औषधाचं दुकान होतं. साडी काखेत, मी हाताला, अशा त्या रस्ता ओलांडून गेल्या. काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्या सूनबाईला ऊन अडवायची ट्यूब पायजे. पांढरी नको. रंगाची दाखवा."

दुकानदाराने दोन काढल्या. माझ्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "बोल. काय काय बघायचं आसतं त्यात?" मी आकडा सांगितला. वास नको ते सांगितलं. एक वासाची निघाली, ती बाजूला गेली. उरलेलीतला थेंब दुकानदाराने त्यांच्या हाताला लावला तर त्या म्हणाल्या, "मला काय लावता, हिला लावा," आणि स्वतःच बोटावर घेऊन माझ्या जबड्याच्या कडेला, कानाखाली लावला. परत मला उन्हात नेलं. मान तिरकी करून बघितलं, मघाशी साडी बघायला हवी होती तसं. पाच मिनिटं थांबायला लावलं. "मिळाला रंग आंगात," म्हणाल्या. "हीच."

सूनबाई. मी तेवढा एकच शब्द धरून त्यांच्या मागे चालत होते. दुकानात आलो तर आईचं तोंड पांढरंफटक, दादा उगाच छताच्या पंख्याकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "एवढा येळ?" सासूबाई गादीवर बसल्या, जांभळी साडी दुकानदाराकडे सरकवली. "ही न्हाई खुलत. हिरवी काढा, लग्नाला." आईने डोळ्याला पदर लावला आणि सगळ्यांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून रडतेय.

लग्न ठरल्या तिथीला झालं. मला वाटलं होतं, आता ती भीती जाईल. गेली नाही. सासूबाई माझ्याशी नीट वागत होत्या, पण कधी कधी भाकरी थापताना मागून त्यांची नजर माझ्यावर आहे असं वाटायचं. तीन आठवड्यांनी एका सकाळी मी त्यांना सांगितलं की आज मला चुलीला शिवता येणार नाही. त्यांच्याकडे चार दिवस बाजूला बसायची पद्धत होती. पडवीच्या कोपऱ्यात मी पोतं अंथरून बसले. थोड्या वेळाने सासूबाई चहा घेऊन आल्या. नणंदेच्या हाती न देता स्वतः आल्या. कप माझ्यासमोर ठेवला. मग त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मला तेव्हा समजलं. बाजारात, त्या ओट्यावर, माझा हात बघूनही त्यांची पूर्ण खात्री झालेली नव्हती. आईने निदान माझ्यासमोर मोजलं होतं, ह्या तीन आठवडे मनातल्या मनात मोजत होत्या. मला राग आला. पोतं आवळून धरलं मी. नंतर कधीतरी, बऱ्याच वर्षांनी, दुसरी बाजू लक्षात आली. खात्री नसताना त्यांनी बाजारात चार माणसांसमोर मला सूनबाई म्हटलं होतं. ते ओझं घेऊन त्या एवढे दिवस एकट्या हिंडल्या. यातलं कुठलं मोठं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चहा संपला तसं त्यांनी कप घेतला आणि उठता उठता म्हणाल्या, "ट्यूब लावली का?"

"आज उन्हात कुठं जायचंय?" मी म्हणाले.

"पडवीतबी ऊन येतं," त्या म्हणाल्या.

पुढे बावीस उन्हाळे हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. कांद्याच्या काढणीला दहा-बारा बायका वाफ्यात असायच्या, आणि बांधावरून त्यांची हाक यायची, "सूनबाय, लावलं का गं?" बायका हसायच्या. मी लाजून मातीत तोंड घालायचे. वांग पूर्ण गेले कधीच नाहीत, चैत्रात गडद होतात, पावसाळ्यात फिके. हातावरचे ओघळ दीड वर्षात गेले. ते गेले तेव्हा मला जरा चुकल्यासारखं झालं, कारण माझ्याकडे दाखवायला तेवढंच होतं.

सासूबाई गेल्या त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कांद्याला निघाले आणि उंबऱ्यापाशी थांबले. कशासाठी थांबले ते मला आधी कळलं नाही. हाकेची वाट बघत होते. मग आत वळले, देवळीतली ट्यूब घेतली, दोन बोटांवर मलम घेतलं आणि कपाळापासून कानाखालपर्यंत लावलं. "लावलं," मी मोठ्याने म्हणाले. घरात कुणी नव्हतं. ओढणी बांधली आणि उन्हात गेले.